डाग

आमच्यात दागिन्याला डाग म्हणत्यात.
बाळाक्का, माझी थोरली जाऊ, अकरा डाग घालून घरात आली हुती.
लुगड्यावर पडतो त्यो बी डाग,
तापल्या सळईनं देत्यात त्यो बी.
तीस वरसं झाली, हुपरीत चांदीच्या कड्या जोडतो मी,
ह्या शब्दाच्या कड्या कवा मोजल्या नव्हत्या.

रेहाना आशाताई तीनदा दारात आली.
पयल्यांदा पैंजणाची आर्डर हुती,
दुसऱ्यांदा सुतक,
तिसऱ्यांदा मी सरळच म्हणालो, मला काय झालं न्हाई.
ती उंबऱ्यावर बसली. चप्पल बी काढली न्हाई.
"अंगावरनं जातंय का?"
जातंय की. कुणाचं जात न्हाई?
पर असं उजेडात कुणी इचारलं नव्हतं.

बाळाक्काला तर कुणीच न्हाई.
पाळी जाऊन सहा वरसांनी परत लाल दिसलं.
मेडिकलातल्या पोरानं गोळ्या दिल्या.
मग अंगारा.
मग इचलकरंजीचा डॉक्टर, त्यानं लुगड्यावरनंच बघितलं.
थोरल्या दवाखान्यात पोचली तवा
तिथल्या बाईनं कागदावर आकडा लिवला, तीन का काय,
आणि नवऱ्याला भाईर बोलवून घेतलं.
तिला न्हाई. त्याला.
शेक घेऊन घेऊन कातडी वांग्यावानी झाली.
एकेक डाग मोडत गेला.
पाय सुजलं तवा जोडवी मीच कापली,
कामाच्या पकडीनं.

म्हणून गेलो. शूर म्हणून न्हाई.

आरोग्य केंद्रात हिरवा पडदा, त्याला सेफ्टीपिन.
नर्स पुण्याकडची.
"मी आलोय, त्रिशला मगदूम."
"आलोय? आलेय म्हणा की, मावशी."
आमच्याकडं बायका आलोच म्हणत्यात, ताई,
गेलो, जेवलो, बाळंत झालो.
पर पाय वर घेऊन झोपायची वेळ आली
तवा बोलण्यातला बाप्या कुठं पळाला कुणास ठाऊक.

"व्हिनेगर लावलंय. एक मिनिट थांबायचं."
आंबट वास आला.
आमी बी डाख दिलेली काळी साखळी तेजाबात बुडवतो,
वर येती ती पांढरी फेक.
पांढरी झाली की मालक खूश.
मी पंख्याची पाती मोजत पडलो. तीनच हुती, परत परत मोजली.
"पांढरं दिसतंय," नर्स म्हणाली,
आणि खूश झाली न्हाई.

"कॅन्सर नाही हा. त्याच्या आधीचं आहे."
आधीचं म्हंजे?
"म्हणजे अजून वेळ आहे."
वेळ! मला जल्मात कुणी वेळ दिल्याचं आठवत न्हाई.

घरात सांगितलं, गुडघा दाखवाय जातो.
केएमटीनं गेलो, दसरा चौकात उतरलो.
केसपेपरच्या खिडकीतनं आवाज, संगं कोण हाय?
माझी मी.
दुर्बीण लावून बघितलं. मग तापलेलं काय तरी आत,
पाऊण मिनिट.
पाळीवानी कळ आली आणि गेली.
म्हटलं, चला, आपल्याला बी एक डाग झाला,
ह्यो मोडाय कुणी सराफाकडं न्हेणार न्हाई.

वरसानं परत बोलावलंय.
तारखेचा कागद वजनाच्या डबीत हाय,
पाच ग्रॅमच्या मापाखाली.

काल कमळी शेजारी डाख देत बसली हुती.
फुंकता फुंकता थांबली, वटीपोटाला हात लावला.
"वैनी, तुझ्या गुडघ्याला नेमकं काय केलं गं?"
मी कडीत कडी घालत ऱ्हायलो.
"का?"
"माझा बी दुखतोय."
"कवापासनं?"
"दिवाळीच्या आधीपासनं. बघू, सोमवारी माल जाऊ दे."

सोमवारी. मी बी असंच म्हणालो हुतो.
तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली.
दिवा तेवढा जळत हुता.